क्विंतीनचा डोळा

साग्रारिओने पिशवी ओट्यावर उपडी केली आणि थोडा वेळ नुसतीच बघत राहिली. मग त्यातला एक टोमॅटो उचलून तिने नवऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"हे काय आणलंस?"

"टोमॅटो."

"ते मलाही दिसतंय. कच्चे आहेत. एकूण एक कच्चे. काय करू यांचं, झुंबराला टांगू?"

"पेत्राने भरले असतील," बासिलिओ मोरालेदा म्हणाला. "गर्दी होती. मी कुठे बघत बसलो!"

"बघतेच उद्या त्या पेत्राकडे. म्हातारा माणूस दिसला की खपवला वाईट माल!"

तो टोपी घालून जिना उतरला आणि गल्लीत येऊन भिंतीला हात लावून उभा राहिला. पेत्राने भरले नव्हते. ऑक्टोबरचं सरळ, स्वच्छ ऊन तिच्या गाडीवर पडलेलं होतं आणि त्या उन्हात त्याने एकेक टोमॅटो तळहातावर फिरवून, दाबून, पारखून घेतला होता. दोन तर कच्चे वाटले म्हणून परतही ठेवले होते. म्हणजे जे परत ठेवले ते पिकलेले असणार. टोमॅटोचं काय एवढं, असं कुणीही म्हणालं असतं. पण त्याच्या तलवारींच्या दुकानात खिळ्याला दोन वाया गेलेली पाती लटकत होती. एकाच्या पोटात केसाएवढी चीर होती आणि दुसरं वाकवल्यावर ओल्या वेताच्या छडीसारखं वाकलेलंच राहिलं होतं, आणि त्या दोन्हींसाठी त्याने बिल्बाओच्या पोलादवाल्याला शिव्यांनी भरलेलं पत्र धाडलं होतं. त्या भल्या माणसाने माफी मागून नवीन कांब्या पाठवल्या होत्या. आता त्यातली एकच उरली होती. पोलाद चांगलं होतं. पहिलंही चांगलंच असणार. गल्लीच्या उतारावरून गाढव हाकत कुणीतरी गेलं, "काय उस्ताद, ऊन खाताय?" असं म्हणालं, आणि बासिलिओने हसून हात वर केला. माणूस कोण ते त्याला नीट दिसलं नाही. गेले कित्येक महिने सगळं जग असंच दिसत होतं. दारूच्या गुत्त्यातल्या, सिगारेटच्या धुराने पिवळ्या पडलेल्या पडद्यामागून दिसावं तसं. माणसाला पडद्याची सवय होते. पडद्यामागच्या तपकिरीला तो लाल म्हणत राहतो आणि कुणी हटकत नाही, कारण कुणी विचारतच नाही.

वसंतात तो माद्रिदला जाऊन आला होता. बायकोला सांगितलं होतं, कोळशाचं बघायला चाललोय. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. मोतीबिंदू आहे म्हणाला, दोन्ही डोळ्यांत, पण अजून पिकलेला नाही. पिकला की काढू, वर्ष लागेल, दोन लागतील. बासिलिओने विचारलं होतं, तोवर काम करता येईल ना? डॉक्टरने विचारलं, काम काय? लोहार, तो म्हणाला. तलवारी असं सांगायची त्याला लाज वाटली. आजकाल तोलेदोत तलवारी करतो म्हटलं की लोकांना पर्यटकांच्या दुकानातली पिवळ्या मुठीची खेळणी आठवतात. लोहाराला काय, डॉक्टर म्हणाला, घणाला मोठा डोळा लागत नाही.

पण पातं डोळ्यानेच बनतं. त्याला काम शिकवणारे उस्ताद ओलायो हे रोज एकदा तरी म्हणायचे. हात घण मारतो, दंड भाता ओढतो, पण पाण्यात सोडायची वेळ डोळा सांगतो. भट्टीतून पातं बाहेर काढून उभं पाण्यात उतरवायचं तेव्हा त्याचा रंग पिकलेल्या चेरीचा हवा. त्याच्या अलीकडे ते मऊ राहतं. पलीकडे, जरा नारिंगी झाक आली की, पाण्यात शिरताना 'टिक्' असा बारीक आवाज होतो आणि आठवडाभराचं काम भंगारात जातं. दोन्हींमध्ये चार श्वासांचं अंतर. बासिलिओने वर्षभर निभावून नेलं होतं ते मोजून. लष्करी अकादमीतल्या पोरांच्या तलवारी सगळ्या एका मापाच्या. तोच कोळसा, तेवढेच भाते, तेवढेच श्वास. लाल दिसला नाही तरी आकडा हाताशी होता. कर्नल ओर्दासच्या तलवारीने तो आकडा काढून घेतला. असं पातं त्याने आयुष्यात केलं नव्हतं, म्हणून मोजायला मागचं काहीच नव्हतं.

कर्नलच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचं बोट जर्मनांच्या बाजूने लढताना रशियाच्या बर्फात राहिलं होतं. पहिल्या दिवशी त्याने हातमोजा काढून तो हात ऐरणीवर ठेवला. काहीतरी विकायला मांडावं तसा. "नोव्हेंबरात मुलीचं लग्न आहे, सॅन मार्टिनच्या सणानंतरच्या शनिवारी," तो म्हणाला. "ती चर्चमधून बाहेर पडेल तेव्हा मला गणवेशात, तलवार उपसून सलामी द्यायची आहे. निवृत्तीच्या दिवशी परेडवर माझ्या हातून तलवार पडली, मोरालेदा. तीनशे माणसांसमोर. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. हसले असते तर बरं झालं असतं." बासिलिओने त्याला कोमट मेणाचा गोळा दाबायला दिला. त्या ठशावरून लाकूड कोरलं, ते बोचलं, दुसरं कोरलं. दर गुरुवारी कर्नल यायचा आणि मूठ धरून डोळे मिटायचा. पाचव्या मुठीला तो म्हणाला, "हां. इथे माझी बोटं आहेत असं वाटतंय." पण मुठीने भागणार नव्हतं. ती दोन बोटं नसली की तलवारीचं टोक खाली झुकतं, कारण ते वर उचलून धरणारी तीच दोन असतात. मुठीमागे वजन वाढवलं तर ते थोटकांवर रुततं. म्हणजे वजन पात्यातूनच काढायला हवं, टोकाकडे निमुळतं, निमुळतं, शेवटची वीतभर लांबी तर पानाएवढी पातळ. आणि पातळ पातं पाण्यात शिरताना कसलीही चूक माफ करत नाही. जाड पात्यापाशी चार श्वास मिळतात, इथे एक. बासिलिओने कानस चालवली तेव्हा हे त्याला कळत होतं. तरीही तो नाही म्हणाला नाही. कर्नल होता म्हणून? थोडं ते. पण खरं म्हणजे डोळे मिटून "हां" म्हणणारा तो माणूस त्याला आवडला होता, आणि या गोष्टीचाच त्याला राग यायचा.

दुकान उघडून तो बराच वेळ त्या खिळ्यासमोर बसला. भट्टी पेटवली नाही. ज्याचा डोळा उसना घेता येईल असा माणूस या गावात एकच होता, हे त्याला गल्लीत भिंतीला धरून उभं असतानाच आठवलं होतं, आणि आठवलं तसं त्याने ते बाजूला सारलं होतं. ओलायोंच्या कारखान्यात तो आणि क्विंतीन अरेयानो एकाच वर्षी लागले, चौदाव्या वर्षी. बासिलिओचा घण सरळ पडायचा; क्विंतीनला रंग दिसायचा. उस्ताद म्हणायचे, ही दोन पोरं कातडी शिवून एक केली तर मला मरायला हरकत नाही. दुपारच्या सुट्टीत क्विंतीन भात्याच्या चामड्यावर खडूने अक्षरं काढायचा आणि बासिलिओकडून गिरवून घ्यायचा, कारण बासिलिओ शाळेत गेलाच नव्हता. क्विंतीन ओरडायचा नाही. चुकलं की नुसतं पुसायचा आणि पुन्हा काढायचा. लाल बावट्याच्या सभांना दोघे बरोबर जायचे, मागच्या बाकावर, तंबाखू फुकट मिळायची म्हणूनही. मग छत्तीस साल आलं, यादवी पेटली, गावात गोळ्या चालल्या, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. क्विंतीन माद्रिदला पळाला. बासिलिओ आईसाठी मागे राहिला. एकोणचाळीसमध्ये लालांना हरवून लष्कर जिंकलं, युद्ध संपलं आणि ज्यांच्या हाताला रक्त नाही त्यांना भीती नाही असं रेडिओवर सांगितलं गेलं, म्हणून क्विंतीन परत आला. एका पहाटे उस्तादांसमोर उभा राहून म्हणाला, माझी जागा आहे का? उस्तादांना तेव्हा उठवत नव्हतं. पाणी द्यायच्या भट्टीवर एकच माणूस लागणार होता. तीन आठवड्यांनी कुठल्याशा कार्यालयातून दोन माणसं आली, बासिलिओला मागच्या खोलीत बसवलं, समोर कागद ठेवला आणि म्हणाली, तुला लिहिता येतं ना? तर लिही, सभांना कोण जायचं. त्याने चार ओळी लिहिल्या. एकच नाव लिहिलं. ते भीतीने लिहिलं की त्या भट्टीसाठी, हे त्याने स्वतःला इतक्या वेळा विचारलं होतं की आता दोन्ही उत्तरं गुळगुळीत झाली होती. क्विंतीनला सहा वर्षांची सक्तमजुरी झाली. दगड फोडून आला तेव्हा त्याची आई गेलेली होती आणि कुठलाही कारखाना त्याला घेत नव्हता. त्यानंतर बावीस वर्षं ते एकाच गावात राहिले. समोर आला की क्विंतीन मान हलवून "काय बासिलिओ" म्हणायचा, अगदी सहज, आणि त्या सहजपणावर बासिलिओ जगत आला होता. याला ठाऊक नाही. कागद कुणी दाखवला नसेल. असे हजारो कागद होते.

दोन दिवस त्याने असेच घालवले. तिसऱ्या दिवशी, दुपारच्या वेळी, तो सांतो तोमेच्या रस्त्यावरच्या, क्विंतीन नोकरीला होता त्या पर्यटकांच्या दुकानात शिरला. काचेत, दारात, छतालाही तलवारी टांगलेल्या होत्या. मागच्या मेजावर क्विंतीन चिमट्याने एकेक प्लास्टिकचं माणिक उचलून मुठीत चिकटवत होता. केस पार पांढरे झालेले. खांदे मात्र तसेच.

"काय रे, रस्ता चुकलास?" वर न बघता तो म्हणाला. "की नातवाला तलवार हवी? ही घे. पोरांना फार आवडते. दोन दिवस टिकते."

"जरा बाहेर येतोस?"

"बाहेर कशाला? मालक जेवायला गेलाय. बोल इथेच. या तलवारींना धार नाही तसे कानही नाहीत."

बासिलिओने टोपी काढली. मग परत घातली. "मला रंग दिसत नाही."

"कुठला?"

"लाल."

क्विंतीनने चिमटा खाली ठेवला आणि हसायला लागला. आधी हळू, मग इतका की त्याला रुमाल काढून डोळे टिपावे लागले. "लाल दिसत नाही! अरे, मग तुझ्याएवढा सुखी माणूस या देशात नाही. पदक देतील तुला." रुमाल घडी करून खिशात ठेवताना तो म्हणाला, "एकेकाळी तुला फार लांबूनसुद्धा दिसायचा."

हे नुसतं बोलणं आहे, बासिलिओ स्वतःला म्हणाला. असं सगळेच बोलतात. विचारावं, तर उत्तर मिळेल. म्हणून त्याने विचारलं नाही. त्याने कर्नलच्या हाताचं सांगितलं, पात्याचं सांगितलं, उरलेल्या एका कांबीचं. क्विंतीन मधे मधे नेमके प्रश्न विचारत गेला. टोकाला किती जाडी ठेवणार? कोळसा कसला, ओकचा? पाणी नदीचंच ना, की नळाचं घालून बसलास? बोलता बोलता त्याचा अंगठा मेजावर एका नसलेल्या पात्याची कड चाचपत होता.

"येतो," तो शेवटी म्हणाला. "मंगळवारी अर्धी सुट्टी असते."

"मी तुला काय देऊ?"

"तू? मला?" त्याने बासिलिओकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मला तो रंग बघायचाय. अठ्ठावीस वर्षं झाली. दिवसभर ही माणकं चिकटवतो मी. हा लाल म्हणजे रंग नाही, खोकल्यावरच्या गोळ्या आहेत."

मंगळवारपर्यंत बासिलिओने पातं घडवून ठेवलं. मधे लोखंडाची जीभ, दोन्ही बाजूंनी पोलाद, सांध्यावर नदीची वाळू. यात डोळ्याचं फार नडत नाही, घणाखालून येणारा आवाज पुरतो. कानसून झाल्यावर त्याने ते बोटावर तोललं. मुठीपासून चार बोटांवर ते स्थिर राहिलं, टोक जरासुद्धा झुकलं नाही. आयुष्यात इतकं चांगलं पातं त्याने घडवलं नव्हतं. क्विंतीन दुपारी आला, कोट काढून न शोधता भिंतीवरच्या खिळ्याला टांगला, आणि खिडक्यांच्या फळ्या मिटून घेतल्या. बाहेर भर दुपार होती, आत अंधार, आणि मधे भट्टी. बासिलिओने भाता धरला. पातं कोळशात जाऊ लागलं तसा क्विंतीन वाकून उभा राहिला. जाळामुळे त्याच्या तोंडावर उजेड होता, पण बासिलिओला तेही सगळं मातकटच दिसत होतं.

"हळू. टोकाला वारा नको."

भाता हळू झाला. बराच वेळ नुसता श्वास घेतल्यासारखा आवाज येत होता.

"माझं आडनाव चुकीचं लिहिलंस तू," क्विंतीन म्हणाला. आवाज तोच, टोकाला वारा नको म्हणाला होता तो. "भाता थांबवू नकोस. पातं एका बाजूने थंड होईल."

बासिलिओने भाता थांबवला नाही.

"मधे दोन 'एल' येतात, दोन उभ्या काठ्या, शेजारी शेजारी. चामड्यावर किती वेळा काढून दाखवल्या होत्या. तू तिथे 'वाय' काढलास, फाट्याचं अक्षर. उच्चार सारखाच, पण चूक ती चूक. लष्करी कोर्टात एका कॅप्टनने कागद माझ्यासमोर धरला, हे तुझंच नाव ना म्हणून. मी म्हटलं, माझंच, पण चुकलंय. ते सगळे हसले. मला सहा वर्षं सांगत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच, की याला मी शिकवलं, आणि हा अजून तिथेच चुकतोय. जरा पुढे ढकल. बस."

"क्विंतीन, मी घाबरलो होतो."

"सगळेच घाबरले होते. सगळ्यांनी नाही लिहिलं. सांडस घे हातात."

बासिलिओने सांडस घेतला. आता त्याला सगळं स्वच्छ समजलं. क्विंतीन एक श्वास उशिरा बोलेल. नुसता एक श्वास. कुणाला कळणार नाही, पोलादाला सोडून. टिक् असा आवाज होईल आणि क्विंतीन कोट घालून निघून जाईल. आणि हे समजल्यावर त्याला जे वाटलं त्याचं त्याला नवल वाटलं, कारण ती भीती नव्हती. होऊ दे, असं वाटलं. ते पातं फुटावं, चांगलं उभं चिरावं, कर्नलने शिव्या द्याव्यात, गावाला कळावं, म्हणजे काहीतरी फिटेल. समोर कोळशात एक मातकट पट्टा होता आणि तो अधिकाधिक उजळ मातकट होत होता, एवढंच त्याला दिसत होतं. क्विंतीन काहीच बोलत नव्हता. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, झोपलेल्या माणसासारखं.

"सोड," तो म्हणाला.

पातं उभं पाण्यात गेलं. पाणी किंचाळलं, वाफ छतापर्यंत चढली आणि दोघेही कान देऊन उभे राहिले. पाणी शांत झालं. वाफ विरली. कसलाही आवाज झाला नाही.

पुढचंही क्विंतीनने करवून घेतलं. पातं परत जाळावर धरायला लावलं, काळजासारखा गडद तपकिरी रंग आला तसं मेंढीची चरबी चोळायला सांगितलं, आणि फळ्या उघडून उजेडात ते डोळ्यासमोर आडवं धरून पाहिलं. टोक भिंतीतल्या शिशाच्या तुकड्यात रोवून त्याने ते वाकवलं, अर्ध्या वर्तुळापर्यंत, मग त्याच्याही पुढे. सोडलं. पातं सरळ झालं आणि बराच वेळ गुणगुणत राहिलं. क्विंतीन ते गुणगुणणं संपेपर्यंत थांबला.

"चांगलं घडवलंयस," तो म्हणाला.

पात्यावर नाव शेवटी कोरतात, मेणावर लिहून तेजाबाने. बासिलिओने मेणाचं भांडं पुढे ओढलं. "तुझं नाव टाकतो," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

क्विंतीन कोटाची बटणं लावत होता. "नको रे बाबा," तो म्हणाला. "पुन्हा चुकशील."

गुरुवारी कर्नल आला. तलवार हातात घेतल्यावर त्याने दुकानाचं दार लावून घेतलं, आत कुणी नाही याची खात्री केली, टाचा जुळवल्या आणि सलामी दिली. टोक हवेत एका जागी थांबलं. तो ती तशीच धरून उभा राहिला, मनात काहीतरी मोजत असावा, आणि हात खाली आणला तेव्हा त्याची हनुवटी हलत होती. "मोरालेदा," तो म्हणाला, "स्पेनमध्ये असा हात दुसरा नाही. जावयासाठीही एक करा. घाई नाही."

"मला जमणार नाही, कर्नलसाहेब. मला दिसत नाही. मोतीबिंदू आहे. पाण्यात सोडायचा रंग दिसत नाही."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. त्यात एक नाव होतं. पण समोर कर्नल होता, रशियात लालांशी लढून आलेला, आणि त्याच्यासमोर ते नाव उच्चारणं म्हणजे काय होईल कोण जाणे. जुन्या फायली असतात. क्विंतीनला पुन्हा त्रास झाला तर? ही सबब चांगली होती. बासिलिओने ती दोन्ही हातांनी धरली आणि धरताना त्याला तो मागच्या खोलीतला कागद, टाक, खुर्ची सगळं ओळखीचं वाटलं.

"दिसत नाही?" कर्नल म्हणाला. "मग हे?" त्याने पात्याकडे पाहिलं, मग बासिलिओकडे. "कानाने? हातांनी?" बासिलिओ गप्प होता. "अरे देवा," कर्नल हळू आवाजात म्हणाला आणि त्याने आपला तीन बोटांचा हात बासिलिओच्या खांद्यावर ठेवला.

लग्न झालं. टोक हललं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. जेवणाच्या मेजावर कर्नलने दोनशे पाहुण्यांना अंध उस्तादाची गोष्ट ऐकवली आणि त्या पाहुण्यांत वर्तमानपत्रातला एक माणूस होता. आठवड्यानंतर फोटोसकट छापून आलं. पोलादाचा आवाज ऐकून पाणी देणारा तोलेदोचा आंधळा लोहार. साग्रारिओला ते पेत्राने वाचून दाखवलं. घरी येऊन तिने पेपर त्याच्यासमोर टाकला. "माझ्या नवऱ्याचे डोळे गेलेत हे मला भाजीवालीकडून कळावं?" ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. नंतर माणसं येऊ लागली. कुणी चर्चमधून, कुणी अकादमीतून. रस्त्यात अनोळखी बायका त्याचा हात धरून चौक ओलांडून द्यायच्या. त्याला चौक दिसत होता. तो ओलांडून घ्यायचा.

डिसेंबरात, नाताळच्या मार्झिपान मिठाईचे डबे काचांमधून दिसायला लागले तेव्हा, तो पुन्हा त्या दुकानात गेला. कात्रण दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलेलं होतं, शेजारी फ्रेंच आणि इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. मालक गल्ल्यावर पेंगत होता. क्विंतीन मागच्या मेजावर.

"मी उद्या पेपरवाल्याकडे जातो," बासिलिओ उभ्या उभ्या म्हणाला. "सगळं सांगतो. कुणाच्या डोळ्याने पाणी दिलं ते. कागदाचंही सांगतो."

"आणि मग?"

"मग लोकांना कळेल."

"काय कळेल?" क्विंतीनने माणिक उचललं, उजेडात धरलं, चिकटवलं. "की बासिलिओ मोरालेदा केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. म्हातारपणी, आंधळा, सगळं कबूल केलं. तुझी साग्रारिओ रडेल. पाद्री पाठ थोपटेल. कर्नलसुद्धा. आणि मी? मी परत तुझ्या लिहिण्यातला माणूस. तेव्हाही तू लिहिणार, आताही तूच." त्याचा आवाज चढला नव्हता. "नाही. भट्टी घेतलीस, डोळा घेतलास. माफीसुद्धा माझ्याच नावावर काढू नकोस. ते ठेव तुझ्याजवळ."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतोस? मी इथे नोकर आहे."

दाराची घंटी वाजली. एक उंच परदेशी बाई आणि तिचा नवरा आत आले. त्यांनी काचेवरच्या कात्रणाकडे बोट केलं, मग बासिलिओकडे, मग परत कात्रणाकडे. क्विंतीन उठला, तुटक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "हो, हो, हेच ते." बाईने दोन्ही हात छातीशी नेले. नवऱ्याने छताला टांगलेली एक पिवळ्या मुठीची तलवार काढून बासिलिओच्या हातात दिली, त्याला दोघांच्या मधे उभं केलं आणि कॅमेरा क्विंतीनकडे सोपवला. तलवार हलकी होती, पत्र्याची. तिला तोल असा नव्हताच. बाईच्या अंगाला लव्हेंडरचा वास येत होता. मेजाच्या पलीकडे क्विंतीनने कॅमेरा वर उचलला आणि एक डोळा मिटला. त्याच्या चेहऱ्याच्या जागी बासिलिओला नुसता एक काळपट डाग दिसत होता.

"हलू नकोस," क्विंतीन म्हणाला.

बासिलिओ हलला नाही.